'आणि पार्टी'

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेलं थोडं लिहिताना भरून काढलं आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. ३४ वर्षं शाळेत शिकवल्यामुळे घंटा झाल्याशिवाय माझा तास संपत नाही, हे सचिवांना माहीत आहे. म्हणून त्यांनी समोरच घड्याळ ठेवलं आहे. ठेवू द्या.

विषय दिला होता 'मराठी नाट्य-चित्रसृष्टीतील तारे'. मी म्हटलं, ताऱ्यांचं टीव्हीवर रोज चालूच असतं, त्यात माझी काय भर? आपल्याच झाडीपट्टीत ज्यांची नावं पाम्प्लेटवरसुद्धा येत नाहीत, त्यांच्याबद्दल मला बोलू द्या. त्यातला एक माझा सख्खा मामा. आणि एक जण असा आहे की त्याला तुम्ही सगळे रोज बघता. त्याचं शेवटी सांगते, म्हणजे तोवर कुणी जेवणाकडे पळणार नाही.

आधी मुलांसाठी थोडं. झाडीपट्टी नावाचं गाव नकाशात शोधू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतला जंगलाचा, धानाचा आणि तलावांचा हा मुलूख. इथली बोली ती झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या आणि इथल्या दंडारीच्या अभ्यासात आयुष्य घातलं. नाहीतर आपण बोलतो ती एक भाषा आहे, हे आमच्या पिढीतल्या मास्तर-मास्तरणींना कुठं ठाऊक होतं? मी स्वतः 'पानी' लिहिणाऱ्या पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या आहेत. त्यातली काही पोरं आज इथं सभासद म्हणून बसली आहेत, त्यांची माफी मागते.

भाऊबीजेपासून मंडई सुरू होते, हे तुम्हाला माहीतच आहे. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा ऊस, शिंगाडे, आलूबोंडे, फुगे, पाव्हणेरावळे, आणि हळूच कुणाची तरी सोयरीक जुळवणं. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. थंडी वाढली की शंकरपट, आणि पटाच्या रात्री नाटक. बैलगाडीनं पट पाहायला आलेला माणूस अंधारात जंगलातून परत कसा जाणार? म्हणून नाटकच उजाडेपर्यंत चालायचं. आता लोक मोटारसायकलनं येतात, तरी नाटक अजून पहाटेपर्यंतच चालतं. २०१४ साली न्यायालयाच्या निकालानं पट बंद पडले आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत पट नव्हता तरी नाटक थांबलं नाही. ते थांबलं कोरोनात. २०२० चा हंगाम कोरडा गेला.

आता मामा.

खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायची गंमत. मधे शाहीर, मागे ढोलकी, झांज आणि तुणतुणं धरणारे, एक सोंगाड्या आणि एक नाच्या. नाच्या म्हणजे लुगडं नेसून, पायात चाळ बांधून बाई होणारा पुरुष. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की ती दुय्यम गंमत. एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जबाब द्यायचा, असं रात्रभर.

माझा मामा चुलबंद नदीच्या काठच्या एका गावचा. दोन एकर धान. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आणि दिवाळी ते होळी नाच्या. वीस-बावीस वर्षं तो हिवाळ्यात बाई झाला.

दिवाळीच्या चार दिवस आधी तो आमच्याकडे यायचा, तो आईचं लुगडं न्यायला. आई नाही म्हणायची नाही. "काठ फाडू नको रे बाप्पा," एवढंच म्हणायची. होळीनंतर लुगडं परत यायचं तेव्हा त्याला पावडरचा आणि गॅसबत्तीच्या धुराचा वास असायचा. आई ते दोनदा धुवायची आणि मग स्वतः नेसायची. मला लुगडं नेसायला शिकवलं ते मामानं. आईला वेळ कुठं होता! "चालताना काठाकडे पाहायचं नाही, बाई," तो सांगायचा, "काठ आपोआप मागं येते." शाळेत पहिल्या दिवशी साडी नेसून वर्गात शिरले तेव्हा मला तेच वाक्य आठवलं होतं.

आमच्या घरच्या बायका गमतीला जात नसत. द्व्यर्थी बोलणं चालतं म्हणून. मी एकदाच गेले, नऊ-दहा वर्षांची असताना, आजीच्या शालीत लपून. बैलगाडीत बसूनच पाहिलं. गॅसबत्तीच्या उजेडात एक बाई आली. ती लाजली, रुसली, शाहिराला तिनं असं काही उत्तर दिलं की सगळी मंडई हसली. मला ते उत्तर कळलं नाही, पण मीही हसले. मग आजीला विचारलं, "ही बाई कोण गं?"

आजी म्हणाली, "तुह्या मायचं लुगडं ओळख."

मामा येताना आणखी एक वस्तू आणायचा, मंडईची उरलेली पाम्प्लेटं. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा. त्या काळात कोरा कागद म्हणजे चैन होती. "हिसोबाले घे," म्हणायचा. त्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, गुणाकार केले, भागाकार केले. गणितात मी पहिली यायची. पुढे गणितच शिकवलं. आणि लिहून झालेले कागद चुलीत जायचे.

१९८० साली माझं लग्न ठरलं. पाव्हणे पाहायला येणार होते तेव्हा वडिलांनी मामाला निरोप धाडला, चार दिवस येऊ नको. लग्नालाही तो मागच्या दारानं आला आणि स्वयंपाकाच्या मांडवात भात उपसत राहिला. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामानं उभं राहायचं असतं. माझ्या मागे दूरच्या नात्यातले एक मामा उभे होते. ते तलाठी होते. अंतरपाटाच्या बाजूनं मला मांडवाच्या टोकाला माझा मामा हात पुसत उभा असलेला दिसत होता. मी काही बोलले नाही. बोलता आलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही. पण बोलले नाही, हे खरं. आमच्या ह्यांना सहा महिन्यांनी सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग आपल्याच लग्नात गंमत ठेवायची होती ना!" म्हणजे ज्यांच्यासाठी लपवलं त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

ही गोष्ट एकट्या माझ्या मामाची नाही. बाई होणाऱ्या पुरुषाचं आपल्याकडे दोन प्रकारे होतं. बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहायचे तेव्हा बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. आणि कोल्हापूरचे गणपत पाटील, ज्यांनी तमाशापटांत नाच्या केला, त्यांना लोकांनी पडद्याबाहेरही तसंच समजलं. तो शिक्का त्यांना जन्मभर पुसता आला नाही. त्याचा त्रास घरच्यांनीही सोसला. २००८ साली ते गेले. पुढे २०१० मध्ये 'नटरंग' आला तेव्हा आपण सगळ्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मीही पुसले, भंडाऱ्याच्या थिएटरात. मामाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

जाण्याआधीची गोष्ट राहिली. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं. वय ५० च्या वर हवं, कलेत निदान १५ वर्षं घातलेली हवीत, उत्पन्न कमी हवं. मामा तिन्हींत बसत होता. तिसऱ्यात तर फारच. साठीचा झाला होता, गुडघे गेले होते. चाळ बांधून नाचलेल्या माणसाचे गुडघे लवकर जातात. मी फॉर्म भरला. कार्यालयात म्हणाले, पुरावा जोडा. प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटो, पाम्प्लेट, काहीही चालेल. त्यांचं चूक म्हणत नाही मी. पुरावा न मागितला तर उद्या कुणीही उठून म्हणेल, मी नाच्या होतो.

मामाच्या घरी सगळं उलटंपालटं केलं. फोटो नाही. रात्री दोन वाजता मंडईत फोटो कोण काढणार? कात्रण नाही. शेवटी पत्र्याच्या पेटीच्या तळाला अंथरलेलं एक पाम्प्लेट निघालं. वाळवीनं अर्धं खाल्लेलं. त्यावर मोठ्या अक्षरात शाहिराचं नाव होतं, आणि पुढे दोन शब्द : 'आणि पार्टी'. माझा मामा त्या दोन शब्दांत होता. ज्यांनी साक्ष दिली असती ते शाहीर केव्हाच वारले होते. बाकीची पाम्प्लेटं मी भागाकारात खर्च केली होती. त्यांवरही त्याचं नाव नसणारच, पण तारखा तरी असत्या! गावाच्या सरपंचांनी एक पत्र दिलं. ते जोडून अर्ज दिला. उत्तर आलं नाही. मामा २००७ च्या पावसाळ्यात गेला. आमच्या घरात त्या लुगड्याची गोधडी आहे. मामाचं म्हणून दाखवता येईल असं तेवढंच.

आता दुसरीकडे जाऊ. घड्याळ दिसतंय मला.

गंमत आणि दंडार मंडईपुरती असते. नाटकाचा धंदा मात्र मोठा आहे, आणि त्याची राजधानी आहे वडसा, म्हणजे देसाईगंज. आपल्या इथून साकोली, लाखांदूर ओलांडलं की वडसा. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. चारही जिल्ह्यांना सोयीचं, म्हणून मंडळ्यांनी तिथं बस्तान बसवलं. पन्नासच्या आसपास मंडळ्या आहेत. दिवाळीआधी गावोगावची मंडळं तिथं जाऊन नाटक बुक करतात, तिकीट लावतात, आणि खर्च वजा जाऊन उरलेल्या पैशात कुठं शाळेची खोली होते, कुठं देवळाचा सभामंडप. मुंबई-पुण्याच्या नाटकाला अनुदान लागतं, आपलं नाटक गावाला पैसे देतं. हे मी गर्वानं सांगते. नाटकाचा दर्जा मात्र सगळा एकसारखा आहे असं मी म्हणणार नाही. मधेच कथेशी संबंध नसलेली लावणी येते आणि समोरून शिट्ट्या वाजतात. पण त्याच रंगमंचावर नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्याच्या मरणावर 'आत्महत्या' नावाचं नाटक आणलं, आणि ते पाहायला समोर धान विकून आलेले शेतकरीच बसले होते.

या नाटकात आता नाच्या लागत नाही, बायका असतात. बऱ्याच जणी नागपूरकडून येतात, हंगामभर वडशाला खोली करून राहतात. काही वर्षांपूर्वी साकोलीहून लाखांदूरच्या एसटीत अशी एक जण माझ्या शेजारी बसली. पस्तिशीची असेल. सहावीतली मुलगी आजीजवळ ठेवून आली होती. मी विचारलं, काय काम करता नाटकात? म्हणाली, "दोन वर्षांपासून आई. त्याआधी हिरोईन." म्हटलं, इतक्यात आई? म्हणाली, "म्याडम, आमच्या इथं बाई तिशीतच म्हातारी होते. आन् आईच्या नाईटचे पैसे कमी असतात." रोज वेगळं गाव, कधी वेगळं नाटक. तालमीला वेळ नसतो, विंगेतल्या प्रॉम्प्टरवर भरवसा. मी विचारलं, आत्तापर्यंत किती नाटकं झाली? ती हसली. "नाईट संपली की विसरून जायचं. नाहीतर उद्याचे डायलॉग कुठं मावतील?" मी तिला म्हटलं, तारखा लिहून ठेवत जा. ती हो म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकवून झोपली. रात्रभर जागायचं होतं तिला.

या सगळ्यांत एका माणसाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे. झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात त्यांना. शेतकरी माणूस, विनोदी नट. पाच हजारांच्या वर प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका, असे आकडे त्यांच्याबद्दल छापून आले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी आमच्या महिला मंडळानं पेढे वाटले होते, आठवत असेल. एकानं विचारलं होतं, "हे कोणत्या सिनेमात होते?" २०२२ मध्ये 'झॉलीवूड' नावाचा सिनेमा झाडीपट्टीच्या नाटकांवरच आला. आपल्यातल्या किती जणांनी पाहिला, हात वर करा. (चार हात वर झाले. त्यांत एक माझ्या नातवाचा.)

आता शेवटचा माणूस.

आपल्या सोसायटीचं पहिलं घर बांधलं तेव्हा आजूबाजूला धानाच्या बांध्या होत्या. २००३ मध्ये आपण चौकीदार ठेवला. तेच भाऊ आजही आहेत. पंप चालू करतात, गेट लावतात, कुणाच्या घरी साप निघाला तर पहिला फोन त्यांनाच जातो. रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं मला जुनी इतिवृत्तं वाचून सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं होतं. तो या स्मरणिकेत दुसऱ्या पानावर आहेच. पण वाचताना मला त्यात एक वेगळाच इतिहास सापडला. वाचून दाखवते.

जानेवारी २००५ : 'चौकीदार तीन रात्री गैरहजर. टाकी भरली नाही. तोंडी समज देण्यात आली.' डिसेंबर २००९ : 'चौकीदार पुन्हा गैरहजर. कारण विचारता नाटक असे सांगितले.' जानेवारी २०१४ : 'चौकीदार सलग अकरा रात्री गैरहजर. कारण नाटक. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' या ठरावाला सूचक कोण होतं, तेही लिहिलेलं आहे. सूचक मी होते. जिचा मामा बावीस वर्षं नाच्या होता ती.

आपले चौकीदारभाऊ तबला वाजवतात. वादक रंगमंचाच्या पुढे खाली बसतात, त्यामुळे प्रेक्षकांना त्यांच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही. कुणी त्यांना ओळखण्याचा प्रश्नच नाही. मागच्या वर्षी त्यांना ५० पूर्ण झाली. त्या मानधनात आधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे वर्ग होते आणि स्थानिक कलावंताला महिना २२५० रुपये मिळायचे. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५००० झाले. मी त्यांना म्हटलं, भाऊ, फॉर्म भरू. ते म्हणाले, "म्याडम, पुरावा कुठून आनू? पाम्प्लेटवर तबल्यासमोर कधी माह्यं नाव, कधी छापतच नाहीत."

तेव्हा माझ्या डोक्यात लखलख झालं. पुरावा आपल्या कपाटात होता! वीस वर्षांच्या इतिवृत्तांत तारखेसह सतरा नोंदी, प्रत्येकीवर अध्यक्ष-सचिवांची सही, नोंदणीकृत संस्थेचा शिक्का. आपण त्यांच्याविरुद्ध लिहिलं, म्हणूनच ते टिकलं. सचिवांनी सगळ्या नोंदींच्या प्रती काढून लेटरहेडवर पत्र दिलं की सदर गृहस्थ दर हिवाळ्यात नाटकात तबला वाजवण्यासाठी गैरहजर राहत आले आहेत. ते घेऊन आम्ही दोघं गेलो. तिथल्या बाबूंनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्याडम, ही तक्रार आहे का प्रमाणपत्र?" मी म्हटलं, दोन्ही आहे. अर्ज घेतला, पोच दिली. समितीची बैठक अजून व्हायची आहे. होईल की नाही मी सांगू शकत नाही. पण या वेळी कागद आहे.

दोन गोष्टी सांगून थांबते. इतक्या वर्षांत त्यांचे किती पैसे कापले, याची बेरीज मी करून ठेवली आहे. ते परत करण्याचा ठराव मी येत्या आमसभेत मांडणार आहे. विरोध करायचा असेल त्यांनी तयारीनं यावं. आणि दुसरं. तुमच्या घरी, गावाकडच्या पेटीत, फोटोच्या चौकटीमागे मंडईची, गमतीची, नाटकाची जुनी पाम्प्लेटं सापडली तर रद्दीत घालू नका, माझ्याकडे आणून द्या. फाटकी चालतील. मागे गणितं सोडवलेली असली तरी चालतील.

भाऊ आज इथं नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. लाखांदूरकडच्या एका गावात त्यांची नाईट आहे, चार वाजताच निघाले. तेव्हा जेवणाआधी टाकीचा पंप कुणी चालू करायचा ते सचिवांनी आत्ताच जाहीर करावं, नाहीतर पंगतीला हात धुवायला पाणी राहणार नाही. आणि चौकीदार आज गैरहजर आहेत, कारण नाटक, अशी तारीख घालून इतिवृत्तात नोंद घ्यावी.